ढब्बूची वैद्यकीय रजा

बाहुलीवाले गेली बावीस वर्षं मुलांच्या वाहिनीवर टेबलाखाली नोकरीला होते. टेबलाच्या वर ढब्बू नावाचं अस्वल, खाली उताणे बाहुलीवाले आणि दोघांना जोडणारा त्यांचा उजवा हात, अशी एकूण व्यवस्था होती. अस्वलाला स्वतंत्र मेकअपखोली होती. बाहुलीवाल्यांना एक उशी मिळाली होती, तीही अर्ज केल्यापासून सातव्या वर्षी.

इतकी वर्षं हात वर धरून खांदा पार कामातून गेला. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्याची बारा तारीख दिली. "ही चुकवलीत तर पुढे चमचाही उचलता यायचा नाही," ते म्हणाले. तेव्हा बाहुलीवाल्यांना तीन आठवड्यांची रजा हवी होती. मागणं एवढंच होतं.

पण स्टुडिओचा एक रिवाज होता. निर्मात्या बाईंपासून दिवेवाल्यापर्यंत सगळे जण जे काही सांगायचं ते अस्वलालाच सांगत, त्याच्या डोळ्यांत बघून, अदबीने. टेबलाखाली वाकून बघणं शिष्टाचारात बसत नसे. बाहुलीवाल्यांनी तीनदा खालून रजेचा विषय काढला. तिसऱ्या वेळी बाई ध्वनिमुद्रकावर उखडल्या, "खालून कसली खरखर येतेय? बघा जरा ते."

चौथ्या वेळी त्यांनी अस्वलाच्या तोंडून विचारलं, "बाई, खांदा फार दुखतोय हो. तीन आठवडे रजा द्याल?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अरे ढब्बू, आधी नाही का सांगायचंस? घे की."

घरी बायकोने एकच विचारलं, "लेखी घेतलंत का?"

"येईल ना दोन दिवसांत."

आलंही. विषय होता 'श्री. ढब्बू यांची वैद्यकीय रजा'. वाहिनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अस्वलाचा खांदा दाबून पाहिला होता आणि शेरा मारला होता : 'हाड आढळले नाही. प्रकरण गंभीर.' सबब अस्वलाला तीन आठवडे कपाटात पूर्ण विश्रांती देण्यात आली होती. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, की या काळात एक हात रिकामा राहत असल्याने तो मगरीच्या कार्यक्रमाकडे वर्ग करण्यात येत आहे. मगरीचा जबडा अस्वलाच्या तिप्पट जड होता.

बाहुलीवाले तो कागद घेऊन तडक कारकुनाकडे गेले.

"अहो, ही रजा माझी आहे."

"मागितली कोणी?"

"अस्वलाने. म्हणजे मीच."

"बोललं कोण ते सांगा. सोळा साक्षीदार आहेत."

"पण त्याला खांदाच नाही. आत नुसता कापूस आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग खोटं कारण दाखवल्याबद्दल त्याची चौकशी लावावी लागेल. बावीस वर्षं एकत्र काम केलंत आणि आता त्याच्या पोटावर पाय देताय? शोभतं का तुम्हाला?"

बाहुलीवाल्यांना खरोखरच लाज वाटली. ते मुकाट्याने मगरीखाली जाऊन झोपले.

ढब्बू आजारी असल्याची बातमी वाहिनीने रोज दिली. त्याला लवकर बरं वाटावं म्हणून अकरा हजार पत्रं आली, चाळीस मफलर आले. पत्रं लावायला जागा हवी म्हणून बाहुलीवाल्यांची उशी काढण्यात आली.

बारा तारखेला सकाळी मगरीचं थेट प्रक्षेपण होतं. कार्यक्रमाच्या मध्यावर बाहुलीवाले उठून उभे राहिले. हातात मगर तशीच होती. "खांदा माझा दुखतोय," ते म्हणाले. "आज माझं ऑपरेशन आहे."

घरोघरी मुलांनी भोकाड पसरलं. बाईंनी बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रखवालदाराला विचारलं, "हा माणूस आत आलाच कसा?"

अकरा वाजता ते बडतर्फ झाले. साडेअकराला त्यांचं कर्मचारी उपचारकार्ड रद्द झालं. बारा वाजता इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईने ते मशीनमध्ये घालून बघितलं आणि परत दिलं.

आता बायको त्यांना भरवते. ती 'आ करा' म्हणाली की ते तोंड उघडतात.

ढब्बू मात्र ठणठणीत आहे. सोमवारपासून तो नव्या हातावर रुजू झाला. हे आवर्जून कळवलं, कारण तुम्ही आता तेच विचारणार होता.