रेवूबाईंच्या खुर्चीस पक्की वाट जाहली, ती हकीकत

श्री. मातीस नमन, पाण्यास नमन, आणि ज्या हातांनी दोन्ही कालविली त्या हातांस त्रिवार नमन करोन हकीकत लिहितो, ती ऐसी जे, शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, सपाटीवर चाळीस घरांची एक वस्ती होती, आणि वस्तीपासोन मोठ्या रस्त्यापर्यंत दीडशे पावलांची वाट काळ्या मातीची होती, ती पावसाचे चार महिने ऐसी चिकट होई की चालणाराची वहाण ठेवोन घेई. त्या वस्तीत अंजिराबाई नांदत होत्या. बाईंनी शहरी अकरा वर्षे बांधकामावर घमेली वाहिली होती. घरी नणंद रेवूबाई, पाय लहानपणीच्या तापात गेलेले, शिवणकामात निष्णात आणि जिभेने तिखट. त्यांस सरकारातून चाकांची खुर्ची मिळाली होती, परंतु पावसाळाभर ती ओसरीवरच उभी राही. मागील श्रावणात दवाखान्यास नेण्याकरिता दोघा गड्यांनी रेवूबाईंस खांद्यावर घेतले आणि चिखलात पाय घसरोन तिघेही पडली. लोक हसले. रेवूबाई घरी येवोन म्हणाल्या, "वहिनी, पुन्हा मला पोत्यासारखं कुणाला उचलू देऊ नका. घरात मरेन, चालेल."

हे बोल अंजिराबाईंच्या काळजात रुतले, आणि मग बाई सरपंच तुळाजीराव यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पंचायतीच्या कोठारात सिमेंट पडून आहे. खाणीवरची दगडाची कच फुकट आहे. मला आधी दहा पोती द्या, वाटेचे ठोकळे मी पाडते."

तुळाजीराव हसोन बोलिले, "बाई, ठोकळे कारखान्यात होतात. घरात भाकऱ्या होतात."

"मग भाकऱ्याच समजा. पावसाळ्यात त्या पोत्यांचा दगड होणार आहे, तो आधीच कामाला येऊ द्या."

तेव्हा रावांनी चार पोती दिली. बाईंनी सुताराकडोन साचे करविले, आणि सिमेंट, कच व बारीक खडी कालविली, आणि साच्यात लवकर बसावे म्हणोन पाणी सढळ घातले, आणि विटांप्रमाणे तीनशे ठोकळे उन्हात वाळविले, आणि पाचवे दिवशी एक उचलिला तो हातातच बिस्किटासारखा भुगा जाहला. तुळाजीराव पाहोन गेले आणि बोलिले, "आणखी दोन पोती देतो. ती शेवटची."

बाई अंगणात भुग्यापाशी बसोन राहिल्या. मनी आले, अकरा वर्षे डोक्यावरोन सिमेंट वाहिले, परंतु डोक्यात काहीच शिरले नाही काय? तो रेवूबाईंनी खिडकीतून विचारिले, "वहिनी, शहरात स्लॅब टाकल्यावर तुम्ही काय करायच्या?"

"पाणी मारायचे. पंधरा-पंधरा दिवस. बाकीचे सुटी घ्यायचे आणि मी एकटी पाणी..." ऐसे बोलता बोलता बाई थांबल्या आणि कपाळास हात लावोन मोठ्याने हसल्या. "अगं बाई! वन्सं, मी तहानलेल्याला उन्हात बसवलं!"

मग दुसरे खेपेस, कालविताना पाणी फार जाहले की माल ठिसूळ होतो हेही आठवोन, पाणी बेताचे घातले, मूठ वळेल इतके, आणि साच्यात घट्ट ठोकोन भरिले, आणि रेवूबाईंनी रिकाम्या गोणपाटांची अंगणाएवढी गोधडी शिवोन दिधली, ती ठोकळ्यांवर पांघरोन एकवीस दिवस भिजती ठेविली, आणि जी बाई नळावरोन येई ती एक तांब्या त्यावर ओतोनच पुढे जाई. मग देवळापुढे वाळूवर दीडशे ठोकळे मांडिले आणि तुळाजीरावांनी दगडांनी भरलेला ट्रॅक्टर आणविला. अंजिराबाईंनी डोळे मिटिले. ट्रॅक्टर गेला, परतोन आला, पुन्हा गेला. एकाही ठोकळ्यास चीर नाही! तुळाजीराव स्वतः खाली बसले, नखाने ठोकळा वाजविला आणि बोलिले, "बाई, भाकरी खमंग जमली. कोठाराची किल्ली घ्या."

तेव्हापासोन अवघी वस्ती कामास लागली, आणि वैशाखअखेर सहा हजार ठोकळे वाटेत बसले, आणि आषाढी दोन दिवस पाऊस पडोन उघडला तेव्हा रेवूबाई नवे लुगडे नेसोन खुर्चीत बसल्या. अंजिराबाईंनी मागोन हात लाविला.

"हात काढा, वहिनी."

बाईंनी हात काढिला. चाके फिरली, आणि रेवूबाई कोणाच्याही खांद्यावाचोन मोठ्या रस्त्यास पोचल्या, आणि मागे वळोन ओरडल्या, "चिखल लागला नाही हो!" मोकळ्या जाहल्या हाताचे काय करावे हे न सुचोन बाईंनी टाळी वाजविली, आणि दारोदारी उभी मंडळी टाळ्या वाजवू लागली.

"वन्सं, चाललात कुठं?" बाईंनी विचारिले.

"ते अजून ठरलं नाही!" ऐसे बोलोन रेवूबाई बाजाराच्या दिशेस निघोन गेल्या.

एकूण वर्तमान इतुके की, वाट दीडशे पावलांची, करणारी माणसे वस्तीतलीच, आणि रेवूबाई दिवेलागणीस परतल्या त्या शिलाईच्या नव्या कामाचे गाठोडे आणि जिलबीचा पुडा मांडीवर घेवोन. सर्वांचे तोंड गोड जाहले. लिहिणाराचेही जाहले. इति.