बिनसुडाची लाथ

एका जंगलात एक पांढरा पडदा होता. तो तिथे कुठून आला, हे विचारू नका, मुलांनो. गोष्ट चालू असताना मध्ये बोलायचे नाही.

दिवस मावळला की सगळे प्राणी पडद्यासमोर बसत. पडद्यावर कोरियाचे मारामारीचे सिनेमे लागत. त्यांत एक बाई असे. सडपातळ, काळ्या कोटातली, कधी न हसणारी. सुरुवातीलाच तिचा नवरा मरे, नाहीतर बाप. मग ती एकटी खोलीभर गुंड लोळवी. तिचा भांगसुद्धा मोडत नसे.

ती काय बोलते ते राघू मराठीत सांगे. त्याला कोरियन येत नव्हते. दुसऱ्या कोणालाही येत नव्हते, म्हणून चालून जाई.

"बाई असावी तर अशी!" सरपंच अस्वल म्हणे. सगळे माना डोलवत. तरस तर शिट्ट्या वाजवी.

सोनकी गाढवीण मागे बसून बघे. तिलाही ती बाई आवडे. फक्त एक शंका येई. एवढी दमते, मग ही पाणी कधी पिते?

सोनकीला पाण्याचेच पडले होते. जंगलात पाणवठा एकच. त्याच्या वाटेवर दिवसा तरस उभा राहायचा. एकटीदुकटी मादी दिसली की आडवा व्हायचा. "गाणं म्हण, मग सोडतो," म्हणायचा. हरिणी लांबचा वळसा घालत. सोनकी खाली मान घालून परत फिरे.

एका दुपारी उन्हाने तिचा घसा कोरडा पडला होता. तरसाने तिची शेपटीच धरली.

"गाणं म्हण की गं!"

सोनकीने गाणे म्हटले. गाता गाता लाथही मारली. तरसाचा जबडा वाकडा झाला. सोनकी पाणी प्यायली आणि घरी गेली.

संध्याकाळी सभा भरली. जबड्याला वेल बांधून तरस पुढे बसला होता. सोनकीला वाटले, आता आपल्यालाही टाळ्या पडणार.

"तरसाने तुझा नवरा मारला?" अस्वलाने विचारले.

"नाही हो. तो चरायला गेलाय."

"मग बाप?"

"तो म्हातारा होऊन गेला."

"बहीण? भाऊ? निदान मैत्रीण?"

"कोणी नाही मारलं."

सभेत नाराजी पसरली. अस्वलाने कपाळाला हात लावला. "मग लाथ कशाला मारलीस, बाई?"

"तहान लागली होती."

"तहान!" कोल्हीणवहिनी फिस्सकन हसली. "आणि ओरडलीस केवढ्यांदा! त्या बायकांचा ओठ तरी हलतो का? अंगावर कोट तरी होता का तुझ्या?"

"धोब्याकडे होते तेव्हा गाठोडं होतं पाठीवर. कोट नव्हता."

"सूड नाही, कोट नाही," अस्वल म्हणाले. "याला शौर्य म्हणत नाहीत. याला आगाऊपणा म्हणतात. आजपासून तुला पाणवठा बंद. वाटेवर तरसरावच पहारा देतील. तुझं कोणी मेलं, तर ये. मग लाथ मार. आम्हीच टाळ्या वाजवू."

सोनकी घरी आली. तिने नवऱ्याला सगळे सांगितले. गाढवाचे कान ताठ झाले.

"तू हो म्हणाली नाहीस ना?"

"नाही."

गाढव तिथेच आडवे झाले. मग म्हणाले, "मी दोन दिवस मेल्यासारखा पडू का? तुझं काम होईल. मला तसंही पडून राहायला आवडतं."

सोनकीला रागही आला आणि हसूही. "तहान माझी, आणि मरायचं तू? ऊठ. चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सिनेमा रंगात आला, तेव्हा दोघे पाणवठ्याच्या वाटेवर आले. तरस पहाऱ्यावर होता. पण त्याचे तोंड पडद्याकडे होते. पडद्यावरच्या बाईने एका गुंडाचा जबडा फोडला. तरसाने टाळ्या वाजवल्या. तोंड बांधलेले होते, त्यामुळे शिट्टी जमेना.

मग त्याला मागे खुरांचा आवाज आला. त्याने वळून पाहिले.

सोनकीने फक्त त्याच्याकडे पाठ केली.

तरसाने जबडा चाचपला. दोन पावले बाजूला सरकला. आणि पुन्हा सिनेमा बघू लागला.

दोघे पोटभर पाणी प्यायले. तिकडे पडद्यावर मारामारी संपली. त्या बाईने कधी नव्हे तो पेला उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

सगळे जंगल गहिवरले. कोल्हीणवहिनीने पदर डोळ्यांना लावला.

"किती तहानली होती गं बिचारी!"

तात्पर्य : मुलींनो, लाथ मारण्याआधी घरातले एखादे माणूस मरू द्या. तेवढी सवड नसेल, तर लाथ मारा, पाणी प्या आणि टाळ्यांसाठी थांबू नका. टाळ्या वाजवणारे पडद्याकडे तोंड करून बसलेले असतात.