दातेरी चाक, एक नग

कुठलीही वस्तू धडधाकट दिसली की आमच्या वासुदेवभाऊजींना तिच्यातलं काहीतरी कमी करावंसं वाटतं. त्यांच्या शेगडीला एकच बर्नर आहे, दुसरा त्यांनी स्वतः काढला. फाटकाच्या दोन झडपांपैकी एक काढून त्यांनी तिचा बाक केला. "हे काहून लागते?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा पोरांच्या वहीतल्या पायऱ्यासुद्धा खोडायचे. "उत्तर आलं ना? मंग येवढ्या पायऱ्या काहून लागते?" पायऱ्यांना मार्क असतात, हे त्यांना कोण सांगणार?

मोहाडीजवळच्या आमच्या गावात त्यांच्या भिंतीला लागून माझी धानाची गिरणी आहे. गिरणी म्हटली की पाने, पक्कड, हातोडी आली. ती सगळी माझ्या नावावर आहेत आणि भाऊजींच्या घरी राहतात. पाना नेताना ते "आत्ता आणतो" म्हणतात, आणि तो पाना मला त्यांच्या अंगणात गवतातून शोधून आणावा लागतो.

बायको गेल्यावर भाऊजींनी पोरीला, पल्लवीला, एकट्यानं वाढवलं. ती नागपूरला नोकरी करते आणि ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत उतरायची. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल हाणायची, मग धावायचं, मध्ये कोणी पाणीही विचारत नाही. मागच्या वर्षी अपघातात तिचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठ्यात जोर आला नाही. तिनं शर्यतीची सायकल टेम्पोत घालून गावी पाठवली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, विकून टाका."

मी कामं झटपट उरकणारी बाई आहे. आठवड्यात तुमसरचं गिऱ्हाईक शोधलं, रविवारी बोलावलं. ते आलं तेव्हा सायकल आंब्याच्या फांदीला दोरानं टांगलेली होती. नट-बोल्ट माझ्या पोत्यावर पसरलेले होते आणि चेन घासलेटात भिजत होती, ती माझ्या पितळी गंजात. पाहुणे आले की मी त्यात भात शिजवते.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुमी?"

"पायडलापाशी दोन दातेरी चाकं आहेत, सुनीताबाई. दोन काहून लागते?"

"कंपनीनं लावले म्हणून लागते."

"कंपनीच्या गावाले पहाड असन. आपल्या इथं कुठं चढाचं आहे? साऱ्या धानाच्या बांध्या."

गिऱ्हाईकानं फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली. मी चार दिवस भाऊजींशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता पुढे ऐका. दोन चाकं असतात तिथे चेन इकडून तिकडे ढकलणारा एक चिमटा असतो. भाऊजींनी तोही काढला. चिमटा गेल्यावर चेन धरून ठेवायला काही उरलं नाही, ती दर खड्ड्याला उतरायला लागली. मोबाईलवर पाहून त्यांना कळलं की एकटं चाक लावायचं तर त्याचे दाते एक जाड, एक बारीक असे लागतात, म्हणजे चेन घट्ट बसते. असं चाक तयार मिळतं. शहाणा माणूस ते मागवतो. भाऊजी एसटीत बसून भंडाऱ्याला गेले आणि पितळेचं ओतून आणलं.

"घरचं पितळ असताना बाहेरून काहून मागवा?"

चाक आरतीच्या ताटासारखं चमकत होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक चक्कर झाली आणि दाते वाकले.

"पितळ लोट्याले ठीक आहे, भाऊजी," मी म्हटलं. "माह्या गिरणीत मी पितळेची पुली लावतो का?"

मग त्यांनी निमूटपणे खरं चाक मागवलं. दोन चाकांसाठीचे बोल्ट एका चाकाला लांब पडले, तेव्हा माझ्या डब्यातले वायसर गेले. चेन आखूड करायला घेतली ती गरजेपेक्षा जास्त तोडली, तेव्हा दुसरी चेन आली. एवढ्या खटाटोपात तीन सायकली जोडून झाल्या असत्या. आणि ही कोणासाठी? पोरीनं तर विका म्हणून सांगितलेलं.

एका सकाळी कोंडा टाकायला मी पाळीवर गेले. समोरून भाऊजी आले. त्या सायकलीच्या हँडलला पुढे दोन शिंगं असतात, त्यांवर कोपरं टेकवून वाकून बसावं लागतं. साठी उलटलेला माणूस, पायजमा मोज्यात खोचलेला. मला पाहून त्यांनी ब्रेक दाबला आणि सरळ बेशरमच्या झुडपात गेले.

ओढून काढलं तर डाव्या हाताचा अंगठा सुतळीनं तळव्याला बांधलेला.

"हे काय?"

"अंगठा."

"दिसते मले. काहून बांधला?"

भाऊजी चिखलातच बसून राहिले. "पुढचा गिअर डाव्या शिंगावर असते. त्याचं बटन अंगठ्यानं दाबा लागते. तिचा दबत नाही. मागचा गिअर उजवीकडं. पुढं एकच चाक ठेवलं तं डाव्या अंगठ्याले कामच उरत नाही. ब्रेकले चार बोटं पुरतात का, ते पाहून राहिलो होतो."

"पुरतात का?"

"तुमी मधात नसत्या तं पुरले असते."

माझा संताप आणखी वाढला. "आधी सांगता नाही आलं? मी गिऱ्हाईकं शोधत हिंडून राहिली."

"सांगतलं असतं तं तुमी तिले फोन लावला असता. तिनं नाही म्हटलं असतं. फोनवर नाही म्हणाले सोपं जाते."

मी फोन लावलाच असता. सुतळी सोडली, अंगठा काळानिळा पडला होता. चांगलं झापलं त्यांना. मग म्हटलं, "सायकल गिरणीत आणा. ब्रेकची तार ढिली करून पाहू."

दिवाळीत पल्लवी आली. सायकल पाहून म्हणाली, "बाबा, विकली नाही?"

"गिऱ्हाईक नाही भेटलं," भाऊजी म्हणाले. मी माझ्या जिभेला आवर घातला.

तिनं सायकलीभोवती फेरी मारली. डाव्या शिंगाच्या टोकावर बटन नव्हतं, नुसतं बूच. तिथं तिचा हात जरा थांबला. मग जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकल घेऊन पाळीवर गेली. भाऊजी गिरणीत आले आणि दाराकडे पाठ करून पोत्यावर बसले.

"दिसून राहिली का?"

"उभी आहे," मी दारातून सांगितलं. "ब्रेक दाबून पाहून राहिली."

थोड्या वेळानं, "आता?"

"बसली. पाळीवरून चालली." मग मी मान लांब केली. "पाळ सोडली, भाऊजी. मोहाडीच्या रस्त्याले लागली."

"वापस नाही फिरली?"

"नाही."

"गिरणी सुरू करा, सुनीताबाई," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "लोकं खोळंबले."

गिरणीत आम्ही दोघं सोडून कोणी नव्हतं. रिकामी गिरणी फिरवली की आतली चाळणी झिजते, आणि ते मला अजिबात खपत नाही. पण त्या आवाजात माणसाला बिनधास्त नाक शिंकरता येतं. मी खटका दाबला आणि दारात जाऊन रस्त्याकडे पाहत उभी राहिले.