हात न लावणारे शंकरराव

पलूसमधल्या आमच्या गल्लीतले शंकरराव पेरू पिकला की नाही, हे झाडापासून तीन हात लांब उभे राहून, एक डोळा मिटून ठरवतात. त्यांना वेड लागले आहे, असे गल्ली म्हणते. मी शाळेतला गुरुजी; गल्लीचे म्हणणे चाळीस वर्षे खोडत आलो आहे, हेही खोडतो.

निवृत्त होऊन गावी येण्यापूर्वी हे गृहस्थ परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत, अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर तंत्रज्ञ होते. त्या कणांचा झोत कड्यातून गरगर फिरतो. त्याची जाडी मोजायला मध्ये तार घातली, तर झोत बिघडतो आणि तारही जळू शकते. मात्र वळणावर तो आपणहून प्रकाश टाकतो. तो प्रकाश आरशाने बाहेर काढायचा, कॅमेऱ्याने टिपायचा आणि त्यावरून झोताची तब्येत ओळखायची. "हात लावला की बिघडलं, गुरुजी. उजेड बघायचा," हे शंकररावांचे ब्रीद. ते त्यांनी भाजीमंडईपासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र लागू केले.

गुऱ्हाळाची कथा तर लोक हमखास चुकीची सांगतात. काहिलीतला पाक गुळावर आला का, हे आमचा गुळव्या धोंडिबा थोडा पाक पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून पाहतो. शंकरराव म्हणाले, "बोट कशाला? बुडबुड्यावरची चकाकी बघ."

"आवं अण्णा," धोंडिबा म्हणाला, "चकाकीवर कळलं असतं तर मी बोटं कशाला भाजून घेतली असती?"

"तू कणांचा झोत बघितलायस का रं?"

"न्हाई. तुमी काहील बघितलीया का?"

तरीही शंकररावांनी त्याला गोळी वळू दिली नाही. काहील करपली, असे लोक सांगतात. साफ खोटे. मी तिथे होतो. गूळ फक्त कडक झाला. फोडायला पहार लागली, इतकेच.

गेल्या दिवाळीनंतर माझी पत्नी वारली. येणारा प्रत्येक जण माझा हात धरून विचारी, "जेवता का? झोप लागते का?" शेवटी मी सर्वांना येऊ नका म्हणून बजावले. शंकरराव मुळात आलेच नव्हते. समोर राहून उंबरा ओलांडला नाही, दगडाच्या काळजाचा माणूस, असे गल्लीने ठरवले. कबूल करतो, या एका बाबतीत मी गल्लीशी सहमत होतो.

मग एका सकाळी ते आपल्या गच्चीतून, एक डोळा मिटून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहताना सापडले. मी रस्त्यावरूनच जाब विचारला.

"काच बघतोय," ते म्हणाले. "वाफ धरली की समजायचं, गुरुजींनी चहा केला. पहिला महिना लय दिवस कोरडीच असायची. तवा डबा ठिवून जायचो दारात."

ते डबे धोंडिबाच्या घरचे, असे मी आजवर सर्वांना छातीठोकपणे सांगत आलो होतो.

"आत यायला काय झालं होतं तुम्हांला?"

"विचारलं असतं तर तुमी बिघडला असता."

शेगडी मी आता खिडकीखाली सरकवली आहे. स्वयंपाकाला उजेड मिळावा म्हणून, असे कुपवाडहून रविवारी येणारी माझी मुलगी सर्वांना सांगते. तिचेही म्हणणे खरे नाही.