झिपरूआक्काचा सीलबंद मध

एका जंगलात, मुलांनो, झिपरूआक्का नावाची म्हातारी अस्वलीण मध विकायची. जांभळीखाली तिचं दुकान. तिच्याइतकं शहाणं त्या जंगलात कुणी नव्हतं. ही माहिती खुद्द तिनंच सगळ्यांना दिली होती.

दुकानाची रीत साधी. गिऱ्हाईक आलं की आक्का त्याच्या तळहातावर मधाचं बोट ओढायची आणि वर चार शब्द सुनावायची. "चाट. आणि मचमच करू नकोस, घरात कुणी वळण लावलं नाही का?" गिऱ्हाईक चाटायचं, मान खाली घालून ऐकायचं, चार बोरं किंवा एखादा कंद ठेवून द्रोणभर मध न्यायचं.

जंगलाचा एक नियम होता. ज्या दुकानापुढे बोटभर गवत उगवेल, त्याची जागा दुसऱ्याला. गिऱ्हाइकांचे पाय पडत असले तर गवत उगवेलच कशाला? गवत तपासायचं काम गव्याकडे होतं. ते तो फार मन लावून करायचा.

एकदा कुणा वाटसरूचं पुस्तक रानात पडलं. दुकानदारीत नेतृत्व कसं करावं, याचं. आक्का शाळेत गेलेली नव्हती. लोकांनी टाकलेल्या पुड्यांचे कागद वाचून वाचून ती शिकली होती आणि तसं दिवसातून दोनदा सांगायची. पुस्तकाचा शेवटचा अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता. आक्कानं पहिला अर्धा वाचला. मग हाती लागली तेवढी वाळवी खाल्ली. झालं पूर्ण पुस्तक.

वाचलेल्या अर्ध्यात लिहिलं होतं : 'जुनं मोडा. गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाला कळत नसतं.'

"हे तर मी जन्मल्यापासून सांगतेय," आक्का म्हणाली.

तिनं सभा भरवली. सभेला ती एकटीच. ठराव एकमतानं झाले. तळहातावरचा मध बंद, ती नासाडी. बोलणी बंद, यापुढे फक्त हसणं. मध बांबूच्या नळीत, तोंडाला मेण, वर आक्काचं दात दाखवणारं चित्र. नाव 'वनामृत सुवर्ण विशेष'.

पहिली आली सगुणा साळू, तिची लहानपणापासूनची मैत्रीण. आल्या आल्या तिनं हात पुढे केला.

"हात नको, ताई," आक्का गोड हसली. "नळी घ्या. आपलं स्वागत आहे."

साळूचे काटे उभे राहिले. "झिपरे, बरं आहे ना तुला? मला ताई काय म्हणतेस?"

"नवी पद्धत आहे, ताई."

"आत मध आहे की चिखल, ते कसं कळायचं?"

"चित्र बघा ना."

"चित्र बघूनच विचारतेय," साळू म्हणाली आणि निघून गेली.

बातमी पसरली. अस्वल गोड हसतंय म्हटल्यावर हरणं त्या वाटेला फिरकेनात. माकडांनीही वाट बदलली.

पुस्तकात होतं, 'नेता मागे वळून बघत नाही.' आक्का आठ दिवस वळली नाही. नवव्या दिवशी वळली. मागे कुणी नव्हतं. दुकानापुढे हिरवं काहीतरी होतं.

गवा आला, त्यानं वाकून हुंगलं. "कोवळं आहे, आक्का. उद्या सकाळी बोटभर होईल. मग जागा पोपटाची, तो कधीचा टपलाय."

"मग आत्ताच खाऊन टाक की."

"नियमात बसत नाही. उद्या खाईन."

आक्कानं वर जांभळीकडे पाहिलं. त्याच जांभळीखाली तिची आई बसायची, आजी बसायची. ती उठली आणि तडक साळूच्या बिळाशी गेली. गेली होती माफी मागायला. तोंडातून निघालं, "सगुणे, आठ दिवस झाले, जिवंत आहेस का मेलीस ते सांगायला येता येत नाही? काट्यांना गंज चढला का?"

साळू डोळे चोळत बाहेर आली. "आलीस होय शुद्धीवर. चल, हात कुठे पसरू?"

आक्कानं नळ्यांचं मेण फोडलं. संध्याकाळपर्यंत सारं जंगल तळहात चाटत, बोलणी खात जांभळीखाली उभं होतं. गवत कुठल्या कुठे गेलं. गवा एका बाजूला उभा राहून हळहळत होता.

पण आक्का ती आक्काच. दुसऱ्या दिवशी जांभळीवर पाटी लागली : 'जंगलात प्रथमच. आधी चव, मग खरेदी. सोबत चार शब्द मोफत. मूळ कल्पना : झिपरूआक्का.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूनंही वाजवल्या, काटे आवरून.

तात्पर्य : नीट चाललेलं मोडावं, थोडे दिवस हाल काढावेत, मग तेच पुन्हा जोडून वर पाटी लावावी. याला नवी कल्पना म्हणतात, आणि मोडणारा व जोडणारा एकच असला की त्याला नेता म्हणतात. पुस्तकाच्या शेवटच्या अर्ध्यात याहून वेगळं काही होतं का, ते वाळवीला माहीत. तिचं वारूळ अजून व्यवस्थित चालू आहे, आणि त्यावर पाटी नाही.