फोंतेलू घराण्याचा कुलवृत्तांत

मद्य उत्तम होण्यासाठी ऊन, माती आणि पूर्वज या तीन गोष्टी लागतात. इंग्लंडात ऊन बेताचं आणि माती चिखलाची, त्यामुळे सगळा भार पूर्वजांवर पडतो. (पूर्वज तक्रार करत नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण.)

बेसिंगस्टोकजवळच्या फोंतेलू वायनरीने २००८ साली वेली लावल्या. त्याआधी तिथे मेंढ्या होत्या. पण मालक रॉबर्टसाहेबांचे पूर्वज पडले ह्यूगनो, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट. आता फ्रेंच पूर्वज म्हटल्यावर वाईनशी संबंध नसेलच कसा? तो शोधून काढायला त्यांना एक हेरिटेज मॅनेजर हवा होता.

उल्हासने अर्ज ठोकला. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. रोल रिडंडंट झाला म्हणून कंपनीने हातात नारळ दिलेला आणि व्हिसासाठी नवा स्पॉन्सर शोधायला सतराच दिवस उरलेले. नाहीतर बायको मीनाक्षी, शाळेच्या रिसेप्शनमध्ये, म्हणजे शिशुवर्गात असलेली मुलगी सिया आणि अजून न जोडलेला फ्लॅटपॅक पलंग यांच्यासह परत पुणे. अनुभव काय, असं विचारल्यावर त्याने खरं तेच सांगितलं: स्वतःच्या घराण्याचा चारशे पानी कुलवृत्तांत त्याने संपादित केला होता. रॉबर्टसाहेबांनी आठवड्याची ट्रायल दिली. संबंध सापडला तर स्पॉन्सरशिप.

उल्हासने जुनी दप्तरं पालथी घातली. मूळपुरुष सापडला, १६८५ साली आलेला आयझॅक. धंदा: टोप्या शिवणे. मद्य: वर्ज्य. (चर्चच्या वहीत याची दोनदा नोंद आहे, शेजाऱ्यांना त्रास होत असावा.) उल्हासने वही मिटून ठेवली.

मग त्याला कुलवृत्तांताची पद्धत आठवली. माहिती अडचणीची असेल तर वाक्याची सुरुवात ‘कौटुंबिक परंपरेनुसार’ अशी करावी. पराक्रम मोजकाच लिहावा, मोजका खरा वाटतो. कागद मागितलेच तर ते पुरात गेले. तेव्हा कौटुंबिक परंपरेनुसार, आयझॅकने फ्रान्समधून निघताना द्राक्षवेलीच्या तीन काड्या टोपीत लपवून आणल्या. कागद थेम्सच्या पुरात गेले.

“अरे, पण तो दारूला शिवतही नव्हता,” मीनाक्षी म्हणाली.

“म्हणूनच काड्या शाबूत पोचल्या,” उल्हास म्हणाला.

वाचताना रॉबर्टसाहेबांचे डोळे भरून आले. आजोबा अगदी हेच सांगायचे, असं त्यांना आठवलं. गुरुवारपर्यंत घरातल्या सहा जणांना आठवलं. एका आत्याने तर ती टोपी लहानपणी पाहिली होती. लेबलांवर ‘१६८५पासून’ असं छापून आलं. उल्हासची स्पॉन्सरशिप झाली आणि शनिवारी पलंग जोडला गेला.

लेबल पाहून मीनाक्षी पोट धरधरून हसली. ही गोरी माणसं कशावरही विश्वास ठेवतात बाई, म्हणाली. मग पलंगावर बसल्या बसल्या तिने सहज विचारलं, “आपल्या कुलवृत्तांतात ती पेशव्यांची सनद आहे ना, ती असते कुठे रे?”

उल्हास गंभीर झाला.

“ती पानशेतच्या पुरात गेली,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, कारण पुस्तकात तसं छापलेलं होतं.

तुमचंही हसून झालं असेल. आता एवढंच सांगा, तुमच्या घराण्याचे कागद पुरात गेले, की वाळवीने खाल्ले?