जुन्याला हात लावायचा नाही

खुंट्याच्या बायकोने भरलेली बॅग दाराशी आणून ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "बस संध्याकाळची आहे. या खेपेला समुद्र बघितल्याशिवाय मी राहणार नाही. तुमचं ते जुनं खटलं आज उघडायचं नाही."

जुनं खटलं म्हणजे दवाखान्यात पेशंटचा नंबर पुकारणारं सॉफ्टवेअर. देशोदेशीची हौशी मंडळी मिळून ते लिहायची. कुणीही घ्यावं, वापरावं, आत डोकावून बघावं. त्यातल्या हुशार मंडळींनी नवी आवृत्ती काढली आणि ते सगळे तिच्यातच रमले. ज्यांना बदल सोसत नाही त्यांच्यासाठी जुनी आवृत्ती जशीच्या तशी चालू ठेवायची, मोडेल तेवढंच सांधायचं, नवीन काडीही घालायची नाही, हे काम एकट्याच्या गळ्यात पडलं. तो जागचा हलत नाही म्हणून मंडळींनी त्याचं नाव खुंटा ठेवलं. घरच्या सहलीही या कामापायीच बुडत आल्या होत्या.

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, तुमचं मशीन एकच नंबर दोनदा पुकारतंय!"

"मग त्यात एवढं काय?"

"एवढं काय? एकाची दाढ काढली. बिचारा तोंडात कापूस धरून बाहेर बसला, तर पुन्हा त्याचाच नंबर! माणूस चपला टाकून पळाला. त्याला बघून बाकीचेही पळाले."

"डॉक्टर, नव्या आवृत्तीत हे कधीच दुरुस्त झालंय. ती घ्या ना."

"नाव काढू नका! तो निळा पडदा बघितला की माझंच डोकं ठणकतं. मला माझं जुनंच हवं. संध्याकाळचे पेशंट यायच्या आत करा."

खुंट्याने नव्या आवृत्तीत डोकावून बघितलं. दुरुस्ती अवघी एका ओळीची होती.

"एक ओळ ना? मग चहा होईपर्यंत उरका," बायको म्हणाली.

त्याने ती ओळ उचलून जुन्यात बसवली. ओळ रुसली, तिला नव्या आवृत्तीतलंच घड्याळ हवं होतं. घड्याळ आणलं, तर त्याला नोंदी ठेवायची नवी पद्धत हवी. ती आणली, तर त्या नोंदी जुन्या पडद्यावर मावेनात. चहा गार झाला, दुसरा झाला, तोही गार झाला. खुंटा कपाळावर हात मारत, स्वतःलाच शिव्या घालत एकेक तुकडा ओढून आणत राहिला. दुपार कलली तेव्हा त्याला धडकी भरली. अख्खी नवी आवृत्ती जुनीत येऊन बसली होती. जुना उरला होता तो फक्त पडद्याचा शेवाळी रंग.

आता मागे फिरायला वेळ नव्हता. डोळे मिटून त्याने ते डॉक्टरीणबाईंकडे पाठवून दिलं.

थोड्या वेळाने फोन आला. "वा! काय झकास चालतंय! तुमच्या त्या नव्याला हे जमलं असतं का?"

खुंटा म्हणाला, "नाही हो, कुठलं जमतंय."

"सांगा ना तिला, ते नवंच आहे म्हणून!" बायको कुजबुजली.

फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "सांगितलं तर ती आत्ता जुनं परत मागेल!" फोन ठेवल्यावर मात्र त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं, जुनी आवृत्ती आता उरलीच कुठे? सांभाळायचं तरी काय? नवी ती मंडळी बघतील. सुटलो मी!"

इतका हलका तो कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्याने बॅग उचलली, बायकोने कुलूप हातात घेतलं, आणि फोन पुन्हा वाजला. नवी आवृत्ती लिहिणाऱ्यांचा म्होरक्या होता.

"खुंट्या, काय जादू केलीस रे? त्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या दातवाल्यांना कळवलंय. जो तो विचारतोय, नवीवरून जुनीवर परत कसं यायचं?"

"अरे, पण ती जुनी म्हणजे तुमचीच..."

"मोठेपणा पुरे! आमचं चुकलं. आम्ही नवी बंद करतोय. आता सगळेच तुझ्याकडे. आणि हो, एक गोम आहे. ते सगळे आत्ताच यायला लागलेत."

खुंट्याचा फोन टिंग टिंग करायला लागला. तो उंबऱ्यातच मटकन बसला. बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या फोनवरून बहिणीला विचारलं, "ताई, समुद्रावर येतेस का? अगं, जागा आहे. ह्यांचीच."